घिरटातली माती

आमच्या आईला कुवेतमध्ये सगळं मिळालं, माती सोडून. नळाला चोवीस तास पाणी, बटण दाबलं की पेटणारी शेगडी, बर्फ करणारं कपाट, या सगळ्याचं तिला पहिले आठ दिवस कौतुक होतं. नवव्या दिवशी ती हवल्लीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभी राहून खालच्या मोकळ्या जागेकडे बघत म्हणाली, "हयसर नुसती रेव. माती खंय आसा?" बाबांनी नर्सरीतून प्लास्टिकच्या पिशवीत भरलेलं काळं भुसभुशीत काहीतरी आणून दिलं. तिने ते चिमटीत धरून नाकाशी नेलं आणि म्हणाली की हे कॉफीच्या चोथ्यासारखं आहे, याला माती म्हणणारा माणूस शेतकऱ्याच्या पोटचा नव्हे. तरी तिने त्यातच तुळस लावली. माहेरून येताना ती तुळशीच्या मंजिऱ्या रुमालात बांधून, ब्लाऊजमध्ये लपवून घेऊन आली होती. विमानतळावर कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होतीस, असं मी तिला पुढे खूप वर्षांनी विचारलं. ती म्हणाली, विचारणारा बाप्या होता, तो कशाला विचारतोय.

बाबा सुतार. कुडाळकडच्या आमच्या गावात त्यांना मेस्त्री म्हणत, इथे नज्जार म्हणत, आणि दोन्ही हाकांना ते सारख्याच सावकाशपणे मागे वळून बघत. पहिली अकरा वर्षं ते रिग्गईत एका खोलीत सहा जणांबरोबर राहिले. सगळे कोकणातले, सगळे एकटे, शुक्रवारी एकाच पातेल्यात मासे रांधणारे. मग ते फर्निचरच्या कारखान्यात फोरमन झाले, पगार वाढला आणि आम्हा दोघींना आणायचा परवाना त्यांना मिळाला. तेव्हा मी अकरा वर्षांची होते. जन्मापासून वर्षाला एक महिना दिसणारा माणूस रोज संध्याकाळी घरी येतो, चहा पितो आणि पाय पसरून बसतो, याची सवय व्हायला मला बराच वेळ लागला. मी बराच काळ त्यांच्याशी पाहुण्यांशी बोलावं तसं बोलत असे.

घरात कारखान्याचा वास असायचा, लाकडाचा भुसा आणि सरस. त्याच्यावर त्रिफळांचा आणि खोबऱ्याचा. सकाळी उकड्या तांदळाची पेज, सोबत भाजलेला सुका बांगडा. त्या वासाने खालचा मिसरी हारिस, म्हणजे इमारतीचा राखणदार, एकदा वर आला होता, काही जळतंय का बघायला. आईने त्यालाही वाटीभर पेज दिली, आणि तो गरीब बिचारा ती उभ्याउभ्या प्याला. दुपारी सगळ्या इमारतीचे एसी एका सुरात घुमत. संध्याकाळी दोन मशिदींच्या बांगा एकीपाठोपाठ एक येत, आणि मग आइस्क्रीमवाल्याच्या गाडीची घंटा. मी अभ्यासाला बसे. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर हिंदी, कागदपत्रांना अरबी आणि घरात मालवणी, अशा चार भाषा माझ्या तोंडात होत्या. त्यामुळे घरातलं कुठलंही पत्र, फॉर्म, डॉक्टर, बँक माझ्याच गळ्यात पडे. बाबांची अरबी कारखान्यापुरती होती: खिळे, माप, उद्या, परवा, झालं. त्यापलीकडे काही निघालं की ते माझ्याकडे बघत. मला त्याचा अभिमान होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला आपल्यावाचून आईबापांचं चालत नाही हे कळलं की तिची मान जरा जास्तच ताठ होते.

अशाच एका कामासाठी बाबा मला जाब्रियाला घेऊन गेले. एका मोठ्या घराच्या तळमजल्यावर लाकडी सामान दुरुस्त करायचं होतं. घराचा तरुण मालक यूसुफ इंजिनियर होता, इंग्रजीत बोलायचा आणि बोलताना घड्याळ बघायचा. खरं काम मात्र त्याच्या आईचं होतं. त्या बाईंना सगळे उम्म यूसुफ म्हणत, यूसुफची आई. त्या व्हिएतनामच्या. त्यांचे यजमान तांदळाच्या व्यापारासाठी तिकडे गेले आणि लग्न करूनच परत आले. आम्ही गेलो तेव्हा यजमान वारून काही वर्षं झाली होती. आदल्या वर्षी बाईंची आईही गेली, आणि भावांनी गावातलं जुनं गवताचं घर पाडून विटांचं बांधायला काढलं. तेव्हा बाई स्वतः तिकडे गेल्या, आणि भाऊ जे जे फेकायला निघाले होते ते सगळं पेट्यांत भरून समुद्रमार्गे इथे घेऊन आल्या. नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढलं. सोनंनाणं नव्हे, गाड्या नव्हेत, बाईने कुवेतमध्ये काय आणलं, तर नांगर. यूसुफने आईच्या हट्टापुढे हात टेकले आणि तळमजला मोकळा करून दिला. तिथे त्यांना संग्रहालय करायचं होतं. आपल्या गावाचं, आपल्या लोकांच्या राहणीचं, लोकांना येऊन बघता येईल असं.

तळमजल्याचं दार उघडलं तेव्हा आत थंडगार होतं आणि भिंतीपाशी ओळीने सामान मांडलेलं होतं. मी दारातच उभी राहिले. बाबा आत गेले, चपला काढून. त्यांनी आधी एका खुंटीकडे पाहिलं, माडाच्या झावळ्यांसारख्या पानांचं विणलेलं काहीतरी तिथे टांगलेलं होतं. त्यांनी ते खांद्यावर धरलं, पाठ वाकवली आणि पावसात लावणी करणाऱ्या माणसासारखे दोन पावलं मागे आले. "ह्या इरला, बाय," ते मला म्हणाले, "आमच्या गावासारख्याच." पुढे सूप होतं, तांदूळ धुवायची रोवळी होती, भात साठवायची बांबूची कणगी होती, मासे धरायचे सापळे होते, नांगर होता आणि त्याचं जू. पाण्यात नाचवायच्या लाकडी बाहुल्या होत्या, त्या तेवढ्या आमच्याकडे नव्हत्या. बाबा एकेक वस्तू उचलत, तिचं नाव घेत आणि खाली ठेवत. त्यांच्या मागून उम्म यूसुफ चालत होत्या, ठेंगण्या, काळा अबाया घातलेल्या, आणि त्याच वस्तूचं आपलं नाव घेत. दोघांनाही एकमेकांचं काही कळत नव्हतं आणि दोघांनाही त्याची फिकीर नव्हती. बाबांना इतकं बोलताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

शेवटच्या कोपऱ्यात ते होतं. दोन मोठ्या चकत्या एकीवर एक, बाजूने बांबूचं विणकाम, आत ठासून भरलेली माती, आणि मातीत ठोकलेले लाकडाचे दात. "घिरट," बाबा हळूच म्हणाले. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जात्यात पीठ होतं, घिरटात भाताची टरफलं निघतात. म्हणून ते दगडाचं नसतं, दगडाने तांदूळ फुटतो. माती आणि लाकूड, दोन्ही दाण्याशी जरा सबुरीने वागतात. गिरणी आली आणि आमच्या गावातली घिरटं माळ्यावर गेली. मी स्वतः एकच पाहिलं होतं, तेही कोंबड्या झाकायला वापरलेलं. उम्म यूसुफच्या गावातही तेच झालं होतं. त्यांच्या आईचं हे घिरट कित्येक वर्षं छपराखाली पडून होतं, तिथे ते टिकलं. इथे एसीच्या कोरड्या हवेत चार महिन्यांत वरच्या चकतीच्या मातीला भेगा पडल्या, दात निसटून खाली पडायला लागले.

यूसुफ म्हणाला, सरसाने चिकटवा, रंग द्या, दिसायला नीट दिसलं म्हणजे झालं, दीड महिन्याने पाहुणे येणार आहेत. मी ते बाबांना सांगितलं. बाबांनी वरची चकती दोन हातांनी हलवून पाहिली. "चलत नाय ता घिरट नाय," ते म्हणाले. "ता नुसता लाकूड आणि चिखल. सांग तेका, मी चलता करून देतलय." मी सांगितलं. यूसुफने खांदे उडवले. त्याला फक्त पाहुण्यांच्या तारखेत रस होता.

वरची चकती बाबांनी कारखान्याच्या गाडीतून घरी आणली. कारखान्यात ती ठेवली असती तर कुणीतरी तिच्यावर प्लायवूड रचलं असतं. आठ दिवस आमच्या बसायच्या खोलीत वर्तमानपत्रावर ती पडून होती आणि आम्ही तिच्याभोवती बसून जेवत होतो. बाबांनी एकेक दात काढून ओळीने मांडला, झिजलेले किती, धड किती. मग त्यांनी आतली माती हातोडीने फोडली आणि सगळी बाहेर काढली. आमच्या आज्याकडे घिरट भरायची हीच रीत होती. जुनी माती निर्जीव होते, दात धरत नाही, ती काढायची आणि नवी चिकण माती तुडवून, ठासून भरायची. सुताराला यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. नवी माती त्यांना रत्नागिरीकडच्या अब्दुल्लाचाचांनी आणून दिली. ते एका नर्सरीत कामाला होते आणि चिकण माती कुठल्या पिशवीत असते हे त्यांना माहीत होतं. जुनी माती बाबांनी दोन बादल्यांत भरली आणि खाली कचऱ्याच्या पिंपाकडे निघाले.

दारात आई आडवी आली. "इतकी चांगली माती तुमी कचऱ्यात टाकतास? हात कसो उठता तुमचो?" बाबा म्हणाले की मग काय करू, घरात पूजा करू का. "घिरटातली माती ती," आई म्हणाली. "तिच्यातसून वर्सानुवर्सा तांदूळ गेलोहा. ती तुळशीत जावक होयी." आणि ते खरंच होतं. आमच्या घरात घिरटाची काढलेली माती कधी उकिरड्यावर पडली नाही, ती तुळशीच्या नाहीतर माडाच्या बुंध्याशी जायची. बाबांनी बादल्या खाली ठेवल्या. आईने पदर खोचला, कॉफीचा चोथा काढून टाकला, ढेकळं भिजवली आणि आमच्या गॅलरीतले तीन डबे त्या मातीने भरले. एकात तुळस, एकात कढीलिंब, एकात अळू. तिने हात धुतले नाहीत बराच वेळ. बोटांना लागलेली ती माती ती पुन:पुन्हा हुंगत होती. "ही खरी," ती म्हणाली. त्या संध्याकाळी तिने आपणहून घावणे केले.

आता मला वाटतं की त्या आठ दिवसांत आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की संग्रहालय या शब्दाचा अर्थच जुनं ठेवणं असा आहे. पण आमच्यासाठी ती वस्तू आजारी होती आणि बाबा तिला बरी करत होते.

घिरट परत बसवलं त्या दिवशी यूसुफही घरी होता. बाबांनी वरची चकती चढवली, दांडा लावला. उम्म यूसुफनी तिकडून आणलेलं मूठभर भात एका वाडग्यात ठेवलं होतं, ते घिरटाच्या तोंडात सोडलं आणि बाबांनी घिरट फिरवलं. घरघर आवाज सुरू झाला, संथ, मोठा, आणि कडेने तांदूळ आणि टरफलं गळायला लागली. उम्म यूसुफ फरशीवर बसल्या. त्यांनी गळलेले दाणे तळहातावर घेतले, मग चकतीच्या कडेला जिथे माती उघडी दिसते तिथे बोट लावलं आणि यूसुफला आपल्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. यूसुफने ते मला इंग्रजीत सांगितलं. "आई विचारते आहे, ही तीच माती आहे ना? ती म्हणते, ही माती तिच्या आईने आणि तिने मिळून तुडवली होती. लग्न होऊन इकडे येण्याच्या आधी. त्यानंतर गावात गिरणी आली, घिरट पुन्हा कधी भरलं नाही. आईच्या हाताचं दुसरं काही तिच्याकडे नाही. आईच्या पायांचं, म्हण."

मी ते बाबांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, पण ते क्षणभरही थांबले नाहीत. "सांग तिका," ते म्हणाले, "जुनी माती मी उकरून काढलंय, नवी भरलंय. माका ठावक नव्हता. जुनी फेकूक नाय हा, आमच्या तुळशीत घातली हा. होयी तर आणून देतलय."

मी यूसुफकडे पाहिलं. तो घड्याळ बघत नव्हता, माझ्याकडेच बघत होता. त्याची आणि बाबांच्या कारखान्याच्या मालकाची ओळख होती, हे काम त्या ओळखीतूनच आलं होतं. आणि त्याच सुमारास आमचे अकामे, राहण्याचे परवाने, नवे व्हायचे होते. मालकाने सही केली तर आम्ही राहणार, नाही केली तर जाणार. माझं बारावीचं वर्ष होतं. हे सगळं माझ्या डोक्यातून किती वेळात गेलं कुणास ठाऊक. मी इंग्रजीत म्हणाले, "हो, तीच माती आहे. बाबांनी फक्त भिजवून पुन्हा भरली."

यूसुफने आईला सांगितलं. त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि त्या रडल्या. बाबा ओशाळून उभे होते. परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मनान मोठी बाई. आवशीची माती आमी काढली, आणि एक वावगो शब्द बोलली नाय. उलट माझो हात धरल्यान." मला त्या बसमधून उतरून चालत जावंसं वाटत होतं.

हल्ली माझी मुलगी कुठेही गेली की फोन समोर धरते आणि फोनच दोन्ही बाजूंचं भाषांतर करतो. तिला मी ही हकिकत सांगितली तेव्हा ती इंग्रजीत म्हणाली, ममा, तेव्हा फोन असता तर हे झालंच नसतं. बरोबर आहे तिचं. फोनला अकाम्याची भीती नसते.

पुढचे दिवस वाईट गेले. म्हणजे बाहेरून बघता घरात आनंदीआनंद होता. तुळस जोमाने वर आली, पानं काळसर टवटवीत झाली, अळवाने पंजाएवढी पानं काढली आणि आईने पहिल्यांदा घरच्या अळवाचं फदफदं केलं. मी ते ताटातच ठेवलं. परीक्षेचं टेन्शन आलंय, असं आईने ठरवलं आणि मला दूध हळद द्यायला सुरुवात केली. सकाळी ती तुळशीला पाणी घालून हात जोडायची तेव्हा मी दुसरीकडे बघायची. सगळ्यात वाईट म्हणजे बाबा. त्यांनी उम्म यूसुफच्या मोठेपणाची गोष्ट कारखान्यात सांगितली, रिग्गईच्या खोलीवर जाऊन सांगितली, अब्दुल्लाचाचांना सांगितली. चाचा म्हणाले, "मेस्त्री, अशी माणसा हत म्हणून दुनिया चालते." माझ्या खोट्यावर त्यांनी एक देवमाणूस उभा केला होता.

मग आईला वाटलं की अशा बाईला एकदा घरी बोलवायला हवं. मी नाना सबबी सांगितल्या, त्यांना जिने चढवणार नाहीत, त्या येणार नाहीत, त्यांना आपलं जेवण चालणार नाही. आई म्हणाली, घिरटावरचा तांदूळ खाणाऱ्या बाईला काय चालत नाही. बाबांनी निरोप दिला आणि एका शुक्रवारी सकाळी उम्म यूसुफ आल्या, एकट्याच, ड्रायव्हरला खाली थांबवून. हातात केळीच्या पानात बांधलेल्या चिकट भाताच्या चौकोनी पुड्या होत्या. आईने खापरोळ्या केल्या होत्या, गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवलेल्या. दोघी जमिनीवर बसल्या. आई मालवणीत बोलत होती, त्या त्यांच्या भाषेत, मधे चार शब्द अरबीचे, आणि मला कुणी भाषांतर विचारत नव्हतं. मला वाटलं की निभावलं.

खाणं झाल्यावर आईने त्यांचा हात धरून त्यांना गॅलरीत नेलं. मी मागोमाग धावले. उम्म यूसुफनी तुळस पाहिली, एक पान खुडलं, चुरडलं, हुंगलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी आपल्या केसांवरून हात फिरवून दाखवला, पाणी ओतल्याचं दाखवलं. त्यांच्या आईच्या घरी बायका या पाल्याचं पाणी उकळून केस धूत. "तुळशीन केस धुतत?" आईने मला विचारलं. "आये गे." पण तिला रागही आला नाही, नवल वाटलं. आणि मग, मी काही बोलायच्या आत, तिने कौतुकाने डब्यातल्या मातीकडे बोट दाखवलं. मग दोन्ही हातांनी घिरट फिरवल्याचं दाखवलं. मग उम्म यूसुफच्या छातीवर बोट ठेवलं. "तुझी," आई म्हणाली. "तुझ्या आवशीची. बघ कशी तुळस इली हा."

उम्म यूसुफनी मातीकडे पाहिलं. पुन्हा आईच्या हातांकडे. मग त्या माझ्याकडे वळल्या. त्यांना इंग्रजी थोडं येत होतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्या सावकाश, शब्द जुळवत म्हणाल्या, "त्या दिवशी मी विचारलं तेव्हा तू आधी माझ्या मुलाकडे बघितलंस. मग उत्तर दिलंस. मला तेव्हाच काहीतरी वाटलं होतं."

मी सगळं सांगितलं. आधी त्यांना, इंग्रजीत आणि अरबीत, जसं जमेल तसं. मग वळून बाबांना, मालवणीत. बाबा गॅलरीच्या दारात उभे होते. मी मार खायची तयारी ठेवली होती, जरी त्यांनी मला आयुष्यात कधी बोट लावलं नव्हतं. "मी जा सांगितलंय, ता तू सांगूकच नाय?" त्यांनी विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. "कित्याक?" मी म्हटलं, अकाम्याची भीती वाटली. त्यांनी आधी उम्म यूसुफकडे पाहिलं. मग म्हणाले, "तोंड माझा होता, बाय. तुका फक्त भाषा बदलूक सांगितली होती." एवढंच.

आई तोवर खाली बसली होती. जुन्या वर्तमानपत्रावर तिने आधी अळू उपटून ठेवलं, मग कढीलिंब. तुळशीपाशी तिचा हात थांबला. उभी, मंजिऱ्या आलेली तुळस मुळासकट काढायची, तीही स्वतःच्या हाताने. बाबा म्हणाले, "ऱ्हवांदे ती एक. बाकीची पुरे." आई म्हणाली, "तिच्या आवशीची आसा ती माती. आपली नाय." तिने हात जोडले, बुंध्याला धरलं आणि तुळस वर काढली. मुळांना चिकटलेली माती तिने हलक्या हाताने झटकली. जेवढी निघाली तेवढी काढली, ओंजळभर मुळांत अडकून राहिली. उम्म यूसुफ हे सगळं बघत उभ्या होत्या. त्यांनी नको म्हटलं नाही. मला वाटत होतं की त्या म्हणतील, राहू दे. पण ती माती त्यांना हवी होती आणि त्यांनी ती घेतली. दोन बादल्या बाबांनी खाली नेऊन त्यांच्या गाडीत ठेवल्या. तुळस पाण्याच्या पातेल्यात उभी करून ठेवली होती.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला, आम्हा तिघांनाही बोलावलं होतं. बाबांनी चकती पुन्हा उकलली, नवी माती काढली. जुनी माती मागच्या अंगणात ताडपत्रीवर पसरून भिजवली होती आणि उम्म यूसुफ अबाया वर खोचून तीत उभ्या होत्या. त्यांनी आईला हात दिला. दोघी ती माती तुडवायला लागल्या, गुडघे उचलून, एकमेकींच्या खांद्याला धरून. मला कुणी बोलावलं नाही, मी पाणी शिंपडायचं काम करत होते. भरताना माती ओंजळभर कमी पडली. बाबांनी ती जागा नव्या मातीने भरली आणि त्यांनी स्वतः, बोटाने दाखवून, कारखान्याच्या अरबीत उम्म यूसुफना सांगितलं की एवढी नवी आहे. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

निघताना उम्म यूसुफनी मला थांबवलं. पाहुणे येतील तेव्हा तू घिरटापाशी उभी राहा, त्या म्हणाल्या. यूसुफने सगळ्या वस्तूंपाशी पाट्या लिहून लावल्या आहेत, घिरटापाशी पाटी नाही. तिथे तू सांगायचं. मी विचारलं, काय सांगू. त्या म्हणाल्या, "सगळं."

पाहुण्यांच्या दिवशी तळमजल्यावर पंधरा-वीस माणसं होती. कुवेती, काही परदेशी, आणि यूसुफचे ऑफिसातले लोक. बाबांच्या कारखान्याचा मालकही आला होता. यूसुफला तोवर काही माहीत नव्हतं, आईने त्याला सांगितलंच नव्हतं. लोक इरल्यापाशी थांबले, बाहुल्यांपाशी हसले आणि माझ्यापर्यंत आले. मी इंग्रजीत म्हणाले की हे घिरट आहे, यात भाताची टरफलं निघतात. यातली माती या घरच्या बाईंनी आणि त्यांच्या आईने तुडवलेली आहे. माझ्या वडिलांनी ती न विचारता काढली, कारण आमच्या गावी तशीच रीत आहे. माझ्या आईने ती तुळशीला घातली, कारण आमच्या घरी तशीच रीत आहे. बाईंनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले, ती मात्र कुणाची रीत नाही. आता माती परत आली आहे, एक ओंजळ कमी आहे, ती आमच्या तुळशीच्या मुळांत गेली. मग मी तेच अरबीत सांगितलं. यूसुफ माझ्याकडे आणि आईकडे आळीपाळीने बघत होता. कारखान्याचा मालक बाबांच्या शेजारीच होता. तो कानाशी वाकून काहीतरी म्हणाला आणि पुढच्या वस्तूकडे गेला.

बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, "काय काय सांगितलंस ता माका सांग. आमच्या भाषेत." मी शब्दाला शब्द सांगितलं. बापाशीन न विचारता केल्यान, हेही. ते ऐकत चालत होते. मी विचारलं, मालक काय म्हणाला. बाबा म्हणाले, "इचारी होतो, ही चेडू कोणाची. मी सांगितलंय, माझी." अकाम्यावर सही झाली की नाही, ते त्यांना अजून माहीत नव्हतं, आणि त्यांनी त्या दिवशी ते विचारलंही नाही. सही पुढच्या आठवड्यात झाली.

बाबा आता नाहीत. उम्म यूसुफही नाहीत. शेवटच्या आजारात त्या जाब्रियाच्या इस्पितळात होत्या, मी तिथेच रक्त तपासायच्या विभागात कामाला होते. आई रोज हवल्लीहून थर्मास भरून आणायची. त्यात तुळशीचं उकळलेलं पाणी असायचं, आणि ती त्या बाईचे उरलेसुरले पांढरे केस त्या पाण्याने धुवायची, तोंडाने देवाची क्षमा मागत. आता आई गावी असते. गॅलरीतली तुळस मी सांभाळते, तिच्या मंजिऱ्यांपासून झालेली कितवी आहे कोण जाणे. संग्रहालय यूसुफ चालवतो आणि शुक्रवारी सकाळी मी अजून घिरटापाशी उभी असते. तिथे अजूनही पाटी नाही. शाळेची मुलं येतात, दांडा फिरवतात, आणि एखादं मूल विचारतं की ही माती खरी आहे का. मी सांगते, एक ओंजळ सोडून सगळी.